तामसखेड्याचा पारा

आमच्या तामसखेड्यात एप्रिल-मे महिन्यांत दुपारी बारा ते पाच या वेळात कोणी कोणाकडे जात नाही. ही तक्रार समजू नये, नुसती नोंद आहे. नोंदी करणं हाच माझा धंदा होता. दीपनगरच्या वीज केंद्रात चौतीस वर्षं मी कंट्रोल रूममध्ये बसून दर तासाला आकडे लिहिले. निवृत्त झालो, क्वार्टर रिकामं केलं आणि चोपडा तालुक्यातल्या या आपल्या गावी दोन खोल्या आणि पुढे मोठा ओटा बांधून राहायला आलो. ओट्यासाठी जळगावहून प्लास्टिकच्या सहा खुर्च्या आणल्या. आमची प्रमिला मुलीच्या बाळंतपणासाठी तीन महिन्यांकरता म्हणून पुण्याला गेली. नातू आता चौदा महिन्यांचा आहे आणि तिचे तीन महिने अजून चालू आहेत. संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल येतो. पहिली पाच मिनिटं मी जेवलो का याची चौकशी असते आणि उरलेली दहा मिनिटं नातू मोबाईल चाटतो. म्हणजे मला समोर नुसता एक गुलाबी अंधार दिसत राहतो. तरीही मी फोन ठेवत नाही.

अशा परिस्थितीत ललित माझ्या दारात आला, आणि तोही दुपारी तीन वाजता. तेव्हाच मला कळायला हवं होतं की माझ्याकडे काम आहे म्हणून आला आहे. ललित आमच्या नवचेतना युवक मंडळाचा अध्यक्ष. मंडळाची पाटी बसस्टॉपवर आहे आणि सभासदांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स त्या पाटीशेजारी लावणं हे मंडळाचं कार्य आहे. सभासद एकवीस, त्यामुळे कार्य वर्षभर पुरतं. पण आता तालुक्याहून पत्र आलं होतं. ज्या मंडळाच्या युवकांनी ‘स्वतःच्या हातांनी केलेला एक उपयुक्त उपक्रम’ जूनअखेर दाखवला नाही, त्या मंडळाची नोंदणी रद्द होणार होती. सोबत फोटो जोडायचा होता. फोटोची ललितला काळजी नव्हती. त्याला फक्त उपक्रम हवा होता.

“नाना, तुम्ही मशिनरीतले माणूस,” तो म्हणाला. “काहीतरी सुचवा.”

मला कोणी काही सुचवा म्हणून बऱ्याच दिवसांत म्हटलं नव्हतं. त्यामुळे मी एकाच्या जागी सात उपक्रम सुचवले. सौर चूल, सायकलवर चालणारा पंप, विहिरीची खोली मोजायचं यंत्र वगैरे. सहा सूचनांवर त्याने नुसती मान हलवली. सातवं सुचवून झालं तेव्हा चहा संपला होता, म्हणून त्याने हो म्हटलं. सातवं होतं गावाचं स्वतःचं हवामान केंद्र.

हवामान केंद्र म्हणजे फार काही नाही. चार पायांवर उभी केलेली एक लाकडी पेटी, बाजूंना झडपा, म्हणजे वारा आत जाईल पण ऊन जाणार नाही. आत एक तापमापक आणि बाहेर पाऊस मोजायचं नळकांडं. मी मनाशी हिशेब केला, चार दिवसांचं काम. माझे सगळे हिशेब वीज केंद्रात बरोबर येत, कारण तिथे युवक मंडळ नव्हतं.

पहिल्या दिवशी माझ्या ओट्यावर अकरा जण जमले. मी त्यांना अर्धा तास समजावून सांगितलं की तापमान सावलीत का मोजतात, पेटी पांढरीच का हवी आणि तिचं दार उत्तरेलाच का हवं. व्याख्यान संपलं तेव्हा सहा जण उरले होते. पण मग मी करवत काढली आणि काय जादू झाली कोण जाणे, गेलेले पाच परत आले, येताना आणखी दोघांना घेऊन आले. जुन्या शाळेच्या मोडक्या खिडक्या आम्ही मागून आणल्या आणि त्यांच्या फळ्या कापायला सुरुवात केली. पियुष नावाच्या एका तगड्या मुलाने एका सकाळीत बावीस झडपा कापल्या, बावीसही वेगवेगळ्या मापाच्या. ललितने खिळा म्हणून स्वतःचा अंगठा दोनदा ठोकला आणि मग देखरेखीचं काम स्वतःकडे घेतलं. मापाचं काम मृणालीकडे आलं. ही मुलगी चोपड्याच्या कॉलेजात बी.एस्सी.ला आहे आणि गावातल्या बुद्धविहाराच्या अभ्यासिकेत लहान मुलांची गणितं घेते. तिने पियुषच्या बावीस झडपा लांबीप्रमाणे लावल्या, सगळ्यांत आखूड झडपेइतक्या बाकीच्या कापायला लावल्या आणि त्या मापाची पेटी करायची असं ठरवलं. त्यामुळे आमची पेटी मूळ आराखड्याच्या दोन-तृतीयांश झाली, पण चौकोनी झाली.

चार दिवसांचे नऊ दिवस झाले. त्या नऊ दिवसांत माझ्या सहाही खुर्च्या भरलेल्या असत आणि उरलेली मुलं ओट्याच्या कडेला पाय सोडून बसत. लाकडाचा भुसा घरभर झाला होता. मी तो मुद्दाम झाडत नव्हतो. प्रमिलाला मी सांगितलं की पोरं फार त्रास देतात, एक मिनिट उसंत नाही. ती म्हणाली, मग सांगा त्यांना येऊ नका म्हणून. मी म्हटलं, बघतो.

रंगाच्या दिवशी मी चोपड्याला बँकेत गेलो होतो. परत येऊन बघतो तर पेटीच्या चारही बाजूंना भगवा, निळा, हिरवा आणि पिवळा असे रंग. कोणाला वाईट वाटायला नको म्हणून अध्यक्षांनी हा तोडगा काढला होता, आणि वर एकवीस सभासदांची नावं. मी शांतपणे सांगितलं की विज्ञानाला पांढरा लागतो. त्यावर बराच विचारविनिमय झाला. शेवटी सगळी पेटी पांढरी करायची आणि नावं फक्त दक्षिणेकडच्या झडपांवर लिहायची असा समझोता झाला. दक्षिणेला सात झडपा होत्या. एका झडपेवर तीन नावं बसली.

मग जागेचा प्रश्न. मोकळी, सपाट, भिंतींपासून लांब अशी जागा गावात एकच, शाळेचं मैदान. मुख्याध्यापक म्हणाले, माझी काही हरकत नाही पण ग्रामपंचायतीचं पत्र आणा. ग्रामसेवक म्हणाले, पत्र देतो पण मैदान जिल्हा परिषदेचं आहे. पंचायत समितीतल्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, यात आम्ही कुठे येतो, मुख्याध्यापकांना भेटा. मी मुख्याध्यापकांना पुन्हा भेटलो. त्यांची अजूनही हरकत नव्हती. शेवटी ग्रामसेवकाला माझी दया आली असावी. त्याने ठरावाच्या वहीत लिहायला घेतलं आणि पेन थांबवून विचारलं की हवामान हे पाणीपुरवठ्यात धरायचं की आरोग्यात. मी म्हटलं, दोन्हीत नाही. त्याने ते ‘इतर’मध्ये घातलं. चौतीस वर्षं राज्याला वीज पुरवून मी ‘इतर’मध्ये जमा झालो होतो, पण पेटी उभी राहिली.

आत लावायला तापमापक मी जळगावहून प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या एका दुकानातून आणला. लाकडी पट्टीवर आकडे, त्यावर तारेच्या दोन कड्यांनी बसवलेली काचेची नळी, नळीत लाल रंगाचं स्पिरिट. गाव त्याला पाराच म्हणायचं. ते पारा नाही हे मी पहिल्या आठवड्यात अकरा जणांना समजावलं, बाराव्याला मीच विचारलं, पारा बघायला आलास का.

पेटीचा पहिला लाभ घेतला द्रौपदाबाईने. ही आमच्या गल्लीतली ऐंशीच्या घरातली म्हातारी, तिला सगळे अक्का म्हणतात. दुसऱ्याच दिवशी पेटीला हळद-कुंकू लागलेलं आणि समोर जास्वंदाचं फूल. मला बघून तिने विचारलं, “हाऊ कोनता देव शे, नाना?” मी तिला सांगितलं की हा देव नाही, ऊन मोजायचं साधन आहे. तिने विचार केला आणि म्हणाली की उन्हाचा म्हणजे सूर्यनारायणच झाला ना मग. एप्रिलअखेर अवकाळीची एक सर आली तेव्हा तिने पावसाचं नळकांडं ताटलीने झाकून ठेवलं होतं, आत पाणी जाऊ नये म्हणून. त्या दिवशीचा पाऊस मी शून्य लिहिला आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘ताटली’ असं लिहिलं.

शेऱ्याच्या रकान्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी रोज दुपारी अडीच वाजता मैदानावर जाऊन आकडा बघायचो आणि रजिस्टरमध्ये लिहायचो. तारीख, वेळ, तापमान, सही, शेरा. सुरुवातीला ललितने मुलांच्या पाळ्या लावल्या होत्या. तीन दिवस पाळ्या चालल्या. चौथ्या दिवशी फोटो काढून झाला, सगळे पेटीभोवती उभे, हातात करवत, मागे फ्लेक्स. त्यानंतर अडीच वाजता मैदानावर मी एकटाच असे. वर ऊन, खाली ऊन, डोक्याला पंचा आणि हातात रजिस्टर. मुलं यायची ती साडेपाचनंतर, क्रिकेट खेळायला, कारण पेटी नेमकी मिडविकेटला उभी होती. पेटीला चेंडू लागला तर दोन धावा असा नियम त्यांनी तिच्या सन्मानार्थ केला. चार मेला पियुषचा एक फटका झडपांमधून आत शिरला. मी धावत गेलो. काच शाबूत होती. तापमापक खिळ्यावर पुन्हा सरळ केला आणि शेऱ्यात तसं लिहून टाकलं.

इथपर्यंत हा उपक्रम माझा आणि अक्काचा होता. तो गावाचा झाला झुलालमुळे.

झुलाल माझ्या शेजारचा, माझ्याच वयाचा. त्याची पाच एकर केळी आहे. मेच्या उन्हात केळीची पानं करपायला लागली की केळीवाल्याचा जीव वर-खाली होतो. फळपिकाच्या विम्यात तापमानाचं काहीतरी कलम असतं. नेमकं काय ते गावात कोणालाच माहीत नव्हतं, पण पारावर असं ठरलं होतं की सलग तीन दिवस पंचेचाळीस किंवा त्याच्या वर गेलं की विम्याचे पैसे मिळाले. तो आकडा सहा किलोमीटरवरच्या महसूल मंडळाच्या गावातल्या सरकारी यंत्राचा धरतात. आणि गावाचं म्हणणं असं की ते यंत्र नदीजवळ, झाडाच्या गारव्यात बसवलेलं आहे, आमच्या माळावरचं ऊन त्याला काय ठाऊक. झुलालने एका सकाळी माझं रजिस्टर उलटून पाहिलं, खिशातून चष्मा काढून पुन्हा पाहिलं आणि म्हणाला की याचा पुरावा देता येईल.

दुसऱ्या दिवशी अडीच वाजता मैदानावर चौदा माणसं होती.

त्यानंतरचे दहा-बारा दिवस मी कसे सांगू. लग्नसराई सोडली तर एवढी माणसं भर दुपारी एकत्र आलेली गावाने पाहिली नव्हती. आकडा वाचून झाला की सगळे माझ्या ओट्यावर यायचे. मी माठात वाळा टाकायला लागलो. कपबश्या कमी पडल्या तेव्हा प्रमिलाला फोन करून पाहुण्यांचा सेट कुठे आहे ते विचारलं. ती म्हणाली, कोण येणार आहे? मी म्हटलं, सगळेच.

माणसं आली की सल्लेही येतात. एकाचं म्हणणं, पेटी शाळेच्या पत्र्याला चिकटून ठेवा, खरं ऊन तिथे असतं. दुसऱ्याचं म्हणणं, डांबरी रस्त्यावर ठेवा. तिसऱ्याने विचारलं की पेटीचं दार अडीच वाजेपर्यंत उघडंच ठेवलं तर काय बिघडतं. मी प्रत्येकाला सावलीचं तत्त्व पहिल्यापासून समजावलं. एका दुपारी आकडा पाहिला तर एकसष्ट. खाली वाकलो, पेटीखाली विझत आलेल्या गोवऱ्या. मी एकसष्ट लिहिलं, शेऱ्यात ‘गोवऱ्या’ लिहिलं आणि पुढच्या दिवसापासून दोन वाजताच जाऊन पेटीजवळ छत्री धरून उभा राहायला लागलो. याच्या उलट सरपंच. त्यांच्या मुलाचं लग्न बारा मेला दुपारच्या मुहूर्तावर होतं आणि ललित रोजचा आकडा व्हॉट्सअॅपवर टाकत असल्याने धुळ्याकडचे पाहुणे यायला कचरत होते. सरपंचांनी मला बाजूला घेऊन फार आदराने विचारलं की लग्नापुरतं अडतीस करता येईल का. मी म्हटलं, करता येणार नाही. लग्नात मला पहिल्या पंगतीऐवजी तिसऱ्या पंगतीला बसवलं. मी तो आकडाही कुठेतरी लिहून ठेवणार होतो, पण रजिस्टरमध्ये तसा रकाना नव्हता.

दरम्यान झुलाल आणि मी, विम्यासाठी आमचे आकडे धरावेत असा अर्ज चोपड्याला देऊन आलो. मंडळ अधिकाऱ्यांनी अर्ज वाचला आणि यंत्र कोणत्या कंपनीचं आहे ते विचारलं. मी सांगितलं, नवचेतना युवक मंडळाचं. त्यांनी चेहरा सरळ ठेवला, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. म्हणाले, अर्ज ठेवून जा, पण असले आकडे धरत नाहीत. बाहेर आल्यावर झुलाल म्हणाला, ठेवून घेतला ना, मग बघतील. गावात त्याने एवढंच सांगितलं की अर्ज ठेवून घेतला. मीही पुढचं वाक्य सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी ओट्यावर कोण आलं असतं?

सोळा मेला पंचेचाळीस झालं. सतराला साडेपंचेचाळीस. अठराला मैदानावर जत्रा होती. बायका शाळेच्या व्हरांड्यात बसल्या होत्या, मुलं कुंपणावर, आणि अक्का पेटीसमोर हात जोडून. ललितने सगळ्यांना दहा पावलं मागे उभं केलं होतं. झुलाल माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “नाना, बठ्ठं गाव वाट दखी राहनं.”

मी दार उघडलं. लाल रेघ चव्वेचाळीसच्या वर आणि पंचेचाळीसच्या खाली होती. बरोबर मधोमध. मी चष्मा पुसला. खाली वाकून पाहिलं, डोळा रेघेच्या पातळीत आणून पाहिलं, कारण वरून पाहिलं तर कमी दिसतं. साडेचव्वेचाळीस.

मागे एवढी माणसं असून इतकं शांत होतं की छत्रीची काडी हललेली ऐकू येत होती. मला त्या वेळी जे सुचलं ते मी लपवणार नाही. अर्धा अंश. या आकड्याने कोणाचं काही होणार नव्हतं हे तिथे फक्त मला आणि झुलालला ठाऊक होतं, आणि झुलाल ते विसरला होता. पंचेचाळीस म्हटलं असतं तर ललितने शिट्टी मारली असती, पियुषने मला उचललं असतं आणि सगळे माझ्या ओट्यावर आले असते. उद्याही आले असते.

“साडेचव्वेचाळीस,” मी म्हणालो.

झुलालने स्वतः येऊन पाहिलं. त्याने मान हलवली आणि बाजूला झाला. मग एकेक जण आला, वाकून पाहिलं आणि गेला. मागून कोणीतरी म्हणालं की नानांना पगार अजून सरकारच देतं ना, पेन्शनचा. एक-दोघे हसले. मी रजिस्टरमध्ये आकडा लिहिला, सही केली, घरी गेलो. माठ भरलेला होता, कपबश्या मांडून ठेवल्या होत्या. मी आत जाऊन दार लावून घेतलं आणि पंख्याखाली बसून राहिलो.

संध्याकाळी प्रमिलाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, खरं तेच सांगितलंत ना, मग झालं. मग नातवाने मोबाईल घेतला.

दुसऱ्या दिवशी अडीच वाजता मैदानावर मी आणि पेटी. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. मी माठात वाळा टाकणं बंद केलं. ओट्यावर बसलो की गल्लीतून जाणारी माणसं राम राम करत, मीही करत असे, पण कोणी थांबत नव्हतं आणि मी कोणाला थांब म्हणत नव्हतो. ललितचा अहवाल तालुक्याला मंजूर झाला, नोंदणी वाचली. त्याने बसस्टॉपवर अभिनंदनाचा फ्लेक्स लावला. त्यात एकवीस फोटो होते आणि कोपऱ्यात मार्गदर्शक म्हणून माझा. तो माझ्या निवृत्तीच्या समारंभातला होता. तो त्याला कुठून मिळाला हे मला अजून कळलेलं नाही.

महिनाअखेर एका सकाळी मृणाली आली. तिला कॉलेजातल्या प्रकल्पासाठी माझं रजिस्टर हवं होतं. मी ते तिला असं दिलं की जणू मला त्याचं काही नाही. ती ओट्यावरच बसली. तिने मंडळाच्या गावातल्या सरकारी यंत्राचे आकडे मोबाईलवरून वहीत उतरवून आणले होते. दोन्ही शेजारी लिहीत ती बराच वेळ बसली. मी तिला चहा करून दिला. मग तिने पेन ठेवलं.

“नाना, एक विचारू? रागावणार नाही ना?”

मी म्हटलं, विचार.

“चार मेपर्यंत आपलं तापमान रोज त्यांच्यापेक्षा साधारण एक अंशाने जास्त आहे. पाच मेपासून, गोवऱ्यांचा दिवस सोडला तर, रोज त्यांच्याइतकंच येतंय. एकदम. चार मेला काय झालं होतं?”

आम्ही दोघांनी शेऱ्याचा रकाना पाहिला. माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, ‘चेंडू लागला. काच शाबूत.’

पुढचं तिने माझ्याकडून करवून घेतलं. डेअरीतून स्टीलच्या डब्यात बर्फ आणला, फोडला, त्यात थोडं पाणी घातलं. आम्ही मैदानावरून तापमापक काढून आणला आणि त्याचा लाल फुगा बर्फात बुडवला. वितळत्या बर्फात शून्य दिसायला हवं, हे तिने सांगायची गरज नव्हती. आम्ही दहा मिनिटं थांबलो. लाल रेघ शून्याच्या खाली एक घर जाऊन थांबली. मृणालीने नळी बोटाने हळूच वर ढकलली. ती तारेच्या कड्यांतून सरकली. चेंडूच्या धक्क्याने काच फुटली नव्हती, पट्टीवरून एक अंश खाली घसरली होती.

म्हणजे अठरा मेला साडेपंचेचाळीस होतं. आमच्याकडे दीपनगरला प्रत्येक उपकरणावर तपासणीच्या तारखेची चिठ्ठी चिकटवलेली असे. ती चिकटवणारा विभाग आमच्या शेजारी होता. मी चौतीस वर्षं त्यांच्याकडून आलेल्या उपकरणांचे आकडे लिहिले आणि एकदाही मनात आलं नाही की ती चिठ्ठी चिकटवायला एक माणूस लागतो. मृणाली म्हणाली की अर्जाचं तसंही काही होणार नव्हतं ना, मग कोणाला सांगायची काय गरज आहे. मी तिला म्हटलं, तुझा प्रकल्प नीट लिही, त्यात माझं नाव घाल, चूक कोणाची ते घाल.

त्या दिवशी संध्याकाळी मी धुतलेला शर्ट घातला आणि बाहेर पडलो. अठरा तारखेला ज्यांनी वाकून आकडा पाहिला होता, त्यांच्यातले बारा जण मला आठवत होते. बारा घरं. इथे आल्यापासूनच्या दोन वर्षांत त्यातल्या नऊ घरांच्या आत मी गेलेलो नव्हतो.

पहिल्या घरी मी उभ्यानेच सगळं सांगून टाकलं, चेंडू, नळी, बर्फ. घरमालक म्हणाला, बसा तरी. त्याला अठरा तारखेचा आकडाच आठवत नव्हता. दुसऱ्या घरी सरबत दिलं आणि विचारलं की मुलीकडे सगळं ठीक आहे ना. तिसऱ्या घरी बर्फाचा प्रयोग लहान मुलांना दोनदा सांगावा लागला. पियुषच्या घरी त्याच्या वडिलांनी पियुषला बोलावून माझ्यासमोर उभं केलं. मी म्हटलं, त्याची चूक नाही, फटका उत्तम होता. अक्काला वाटलं मी कोणाच्या तरी लग्नाचं आमंत्रण द्यायला आलो आहे. मी गैरसमज दूर करायचा प्रयत्न केला, पण तिने गूळ-शेंगदाणे आणून ठेवले होते, तेव्हा बसलो. पेन्शनवरून बोलला होता तो माणूसही घरी होता. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला की आमच्या पंपाच्या स्टार्टरचं काहीतरी झालंय, उद्या याल का. मी म्हटलं, येतो.

झुलालचं घर माझ्या शेजारी, पण मी ते शेवटी ठेवलं होतं. तो अंगणात खाटेवर बसला होता. त्याची अर्धी केळी करपली होती, तो सकाळीच बांधावर जाऊन आला होता. मी त्याला सांगितलं. साडेपंचेचाळीस होतं, मी एक अंश कमी सांगितलं. चूक माझी. अर्जात लिहून देतो.

झुलालने पायाखालचं ढेकूळ अंगठ्याने फोडलं. मग म्हणाला, “ते जाऊ दे. तू दार लाई लिधं.”

मला कळलं नाही.

“त्या दिशी आम्ही मागे येत व्हतू. तुनं दार बंद व्हतं. आम्हले वाटनं, नानाले राग उना.”

मी आत पंख्याखाली बसलो होतो तेव्हा बाहेर कोणी आलं होतं का, किती जण आले होते, ओट्यापर्यंत आले होते की गल्लीतूनच वळले, हे सगळं मला त्याला विचारायचं होतं. विचारलं नाही. काहींना आकडाच हवा होता आणि त्यांचं यायचं कारण त्या दिवशी संपलं होतं, हेही मला माहीत होतं, झुलालही ते नाकारत नव्हता.

तो खाटेवर थोडा सरकला. मी बसलो. समोर त्याची बाग दिसत होती, कडेची पानं काळी-तपकिरी होऊन खाली लोंबत होती. दिवस मावळत आला होता तरी जमिनीतून वाफ येत होती.

“आत्ते कितलं शे?” त्याने विचारलं.

मी म्हटलं की तापमापक घरी आहे, नळी अजून पक्की केलेली नाही.

“अंदाज सांग ना.”

चौतीस वर्षांत मी अंदाजाने आकडा सांगितला नव्हता. मी वर पाहिलं, हाताचा तळवा पुढे करून हवा घेतली, थोडा वेळ थांबलो.

“एकेचाळीस,” मी म्हणालो.

झुलालनेही तळवा पुढे केला. विचार केला.

“बेचाळीस व्हई,” तो म्हणाला.

मी म्हटलं, असेल.